मिर-२००सी जठराच्या कर्करोगाचं पसरणं रोखतो की वाढवतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मिर-२००सी हा मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांचं काम दाबणारा एक छोटा आरएनए. जठराच्या कर्करोगाच्या एजीएस पेशींमध्ये त्याचं मिमिक (कृत्रिम नक्कल) टाकलं, ट्रान्सवेलमधून (छिद्रांचा पडदा असलेल्या कप्प्यातून) खाली उतरणाऱ्या पेशी जवळपास निम्म्यावर आल्या. म्हणजे हा मायक्रोआरएनए पसरणं रोखतो असं वाटलं. पण वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं ओळखणाऱ्या चाचणीत) ई-कॅडहेरिनचा, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या प्रथिनाचा, बँड काही येईना. त्यात भर म्हणजे काही शोधनिबंध सांगतात की ज्यांच्या रक्तात मिर-२००सी जास्त, ते रुग्ण कमी काळ जगतात. मग खरं काय, आणि प्रबंधात लिहायचं काय?

तुमच्या प्रयोगात आणि त्या शोधनिबंधांत मला विरोधाभास दिसत नाही. तीन वेगळ्या ठिकाणची मोजमापं एकाच वाक्यात कोंबल्यामुळे तो तसा भासतोय. पेशीच्या आत मिर-२००सी काय करतो हा एक प्रश्न. गाठीच्या तुकड्यात तो किती सापडतो हा दुसरा. रक्तात तो कुठून येतो हा तिसरा. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असू शकतात आणि या बाबतीत ती आहेतच.

आधी ई-कॅडहेरिनचं बघू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. एजीएस पेशींमध्ये ई-कॅडहेरिन बनवणाऱ्या सीडीएच१ या जनुकातच उत्परिवर्तन आहे. पूर्ण लांबीचं ई-कॅडहेरिन या पेशी बनवतच नाहीत. त्यामुळे मिर-२००सी कितीही वाढवला तरी बँड येणार नाही. अँटिबॉडी बदलू नका, एक्स्पोजर वाढवू नका, त्यात आठवडे जातात. एमकेएन४५ आणि काटो-३ या लाइनमध्येही (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणांमध्येही) सीडीएच१मध्ये बदल आहेत, म्हणून ‘दुसरी लाइन घेतो’ म्हणत तिकडे वळू नका. जठराच्या कर्करोगात, विशेषतः विखुरलेल्या म्हणजे डिफ्यूज प्रकारात, हे जनुक वारंवार बिघडलेलं असतं. त्यामुळे या क्षेत्रात काम करणाऱ्याने लाइन निवडण्याआधी सीडीएच१ची अवस्था तपासणं ही पहिली पायरी मानावी.

मिर-२००चं मूळ काम काय ते आठवा. झेब१ आणि झेब२ ही प्रथिनं ई-कॅडहेरिनच्या प्रमोटरवर (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागावर) बसून त्याचं लेखन बंद पाडतात. मिर-२०० कुटुंब या दोघांच्या एमआरएनएवर (जनुकाच्या संदेशाच्या प्रतीवर) बसून त्यांचं प्रमाण खाली आणतं. आणि झेब१ उलट मिर-२००च्याच प्रमोटरवर बसून त्याचं लेखन दाबतं. दोघं एकमेकांना दाबतात, म्हणून पेशी एका टोकाला स्थिरावते: मिर-२०० जास्त आणि झेब१ कमी असेल तर एपिथेलियल (एकमेकींना चिकटून राहणारी), उलट असेल तर मेसेन्कायमल (सुटी, फिरती). २००८ साली एकापाठोपाठ आलेल्या निबंधांनी हे चित्र उभं केलं आणि ते आजही टिकून आहे.

म्हणजे ई-कॅडहेरिन वाढायला तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. जनुक शाबूत हवं, ते झेब१मुळेच बंद असायला हवं, आणि प्रमोटरवर मिथायलेशनचं (डीएनएवरच्या रासायनिक खुणांचं) कुलूप नको. तिसरी अट बरेच जण विसरतात. जठराच्या गाठींमध्ये सीडीएच१च्या प्रमोटरचं मिथायलेशन बऱ्याचदा आढळतं. तसं असेल तर झेब१ उतरलं तरी जनुक गप्पच राहतं.

यातून रस्ता असा निघतो. एजीएसमध्ये ई-कॅडहेरिन सोडून झेब१चं प्रथिन मोजा. ते उतरलं असेल तर तुमचं मिमिक खरोखर काम करतंय. ई-कॅडहेरिनच दाखवायचं असेल तर प्रयोग उलटा लावा. एनसीआय-एन८७ किंवा एमकेएन७४ यांसारख्या ई-कॅडहेरिन असलेल्या लाइनमध्ये मिर-२००सीचं इनहिबिटर (त्याला अडवणारा रेणू) द्या आणि ते कमी होतं का पाहा. मिर-२००बी, २००सी आणि ४२९ यांचा सीड (लक्ष्य ओळखणारा भाग) सारखाच आहे आणि मिर-२००ए व १४१ यांच्या सीडमध्ये फक्त एका अक्षराचा फरक आहे. एकट्या २००सीला अडवलं तर भावंडं त्याचं काम चालू ठेवतात, म्हणून पूर्ण कुटुंबावरचं इनहिबिटर मिश्रण वापरावं लागतं.

आता तुम्ही विचारलं नाही, पण परीक्षक नक्की विचारतील तो प्रश्न: ई-कॅडहेरिन नसताना पेशी कमी का उतरल्या? इथे दोन शक्यता आहेत. एक जीवशास्त्रीय: मिर-२०० कुटुंब अ‍ॅक्टिनच्या सांगाड्याशी आणि हालचालीशी संबंधित जनुकांनाही लक्ष्य करतं. वेव्ह३, मोएसिन, फायब्रोनेक्टिन ही नावं इतर कर्करोगांच्या पेशींत दाखवली गेली आहेत. तेव्हा ई-कॅडहेरिनला वळसा घालून हालचाल कमी होणं शक्य आहे. दुसरी शक्यता कंटाळवाणी, पण जास्त संभवनीय: पेशी कमी वाढल्या किंवा मेल्या, म्हणून कमी उतरल्या.

हे वेगळं काढायला फार काही लागत नाही. ट्रान्सवेल ज्या दिवशी लावता त्याच दिवशी, त्याच ट्रान्सफेक्शनच्या (मिमिक पेशींत घालण्याच्या प्रक्रियेतल्या) पेशी तितक्याच संख्येने साध्या प्लेटमध्ये लावा आणि त्याच वेळी मोजा. तिथे २० टक्के घट आणि ट्रान्सवेलमध्ये ५० टक्के घट असेल तर हालचालीबद्दल बोलायला जागा आहे. दोन्हीकडे सारखीच घट असेल तर प्रकरण वाढीचं आहे. एजीएस साधारण दिवसभरात दुप्पट होतात, त्यामुळे ४८ तास चाललेल्या ट्रान्सवेलवर माझा तरी विश्वास बसत नाही. मायग्रेशन २४ तासांत संपवा. वूंड हीलिंगसाठी (पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो किती भरतो ते पाहण्यासाठी) वाढ थांबवणारं मायटोमायसिन सी १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, दोन तास, मग दोनदा धुणे, हे नेहमीचं आहे. पण आपल्या लाइनवर ते किती विषारी ठरतं ते आधी पाहून घ्या.

ट्रान्सवेलमध्ये ८ मायक्रॉनची छिद्रं, वरच्या कप्प्यात सीरमविना माध्यमात साधारण ५०,००० पेशी, खाली १० टक्के सीरम. मॅट्रिजेल (पेशींना भेदावा लागणारा जेलचा थर) लावणार असाल तर सगळं बर्फावर, पिपेटच्या टिपासुद्धा गार केलेल्या. कोमट टिपेने मॅट्रिजेल उचललं की ते टिपेतच गोठायला लागतं, थर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला विरळ होतो, आणि पेशी विरळ बाजूने उतरतात. मग फोटोत एका कडेला गर्दी दिसते. अशी गर्दी दिसली तर तो इन्सर्ट (ट्रान्सवेलचा कप्पा) सरळ बाद करा, सरासरी काढत बसू नका. वरची बाजू कापसाच्या काडीने पुसताना कडा सुटतात, त्याही पुसा. आणि पाच फील्ड मोजले म्हणजे पाच नमुने झाले असं नव्हे. वेगवेगळ्या दिवशी केलेली स्वतंत्र ट्रान्सफेक्शनं हाच तुमचा ‘एन’.

मिमिकच्या मात्रेबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. अनेक प्रोटोकॉलमध्ये ५० ते १०० नॅनोमोलर लिहिलेलं असतं. मायक्रोआरएनए हा स्विच नसून पंख्याच्या रेग्युलेटरसारखा आहे. एका लक्ष्यावर त्याचा परिणाम बहुतेक वेळा दुपटीपेक्षाही कमी असतो. १०० नॅनोमोलर ओतल्यावर मायक्रोआरएनए ज्यांत बसून काम करतात त्या आर्गोनॉट प्रथिनांवर इतकी गर्दी होते की पेशीचे स्वतःचे मायक्रोआरएनए बाजूला पडतात आणि जी जनुकं एरवी कधीच लक्ष्य झाली नसती तीही खाली जातात. म्हणून १, ५, १० आणि २५ नॅनोमोलर अशी मालिका लावा आणि ज्या सगळ्यात कमी मात्रेवर झेब१ प्रथिन स्पष्ट उतरतं ती मात्रा पकडा. इनहिबिटरला मात्र जास्त लागतं, ५० नॅनोमोलर चालेल. नियंत्रण म्हणून त्याच रसायनाचं, त्याच मात्रेतलं निगेटिव्ह कंट्रोल मिमिक आणि शिवाय काहीच न टाकलेल्या पेशी, असे दोन्ही ठेवा. या दोघांतच फरक दिसला तर ट्रान्सफेक्शनच पेशींना जड जातंय. आरएनए २४ तासांनी, प्रथिन ४८ ते ७२ तासांनी काढा.

क्यूपीसीआरवर (आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीवर) ‘मिर-२००सी पाच हजार पट वाढला’ असा आलेख काढून प्रबंधात घालू नका. त्यातला बराचसा मिमिक एंडोसोममध्ये (पेशीतल्या पिशव्यांत) अडकून पडलेला असतो. लायसिस केलं (पेशी फोडल्या) की तोही मोजला जातो, पण आर्गोनॉटमध्ये बसलेला थोडाच असतो. मिमिकने काम केल्याचा पुरावा म्हणजे ज्ञात लक्ष्य उतरणं.

संदर्भ जनुकाबद्दल (ज्याच्या तुलनेत मोजमाप काढतात ते): पेशींसाठी यू६ चालतं, पण एकट्यावर भिस्त नको. आरएनयू४४ वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ते गॅस५ या जनुकाच्या इंट्रॉनमधून (कापून काढल्या जाणाऱ्या मधल्या भागातून) निघतं आणि गॅस५ स्वतःच गाठींमध्ये वरखाली होतं. दोन-तीन संदर्भ घेऊन त्यांची सरासरी वापरा.

थेट लक्ष्य सिद्ध करायचं असेल तर ल्युसिफरेज (प्रकाश देणाऱ्या प्रथिनावर आधारलेली चाचणी) लागेल, त्यातही एक हमखास घोटाळा आहे. सायचेक-२ प्लास्मिडमध्ये लक्ष्याचा ३ प्राइम यूटीआर (एमआरएनएचं प्रथिन न बनवणारं शेपूट) रेनिला ल्युसिफरेजच्या मागे लागतो आणि फायरफ्लाय ल्युसिफरेज हा संदर्भ असतो. पीमिरग्लोमध्ये बरोबर उलट. गुणोत्तर उलटं काढलं की निष्कर्षही उलटा होतो, आणि आकडे देखणेच दिसत राहतात. झेब१च्या यूटीआरमध्ये मिर-२००साठी एकाहून अधिक जागा आहेत, म्हणून एका जागेचा सीड बदलून परिणाम पूर्ण नाहीसा झाला नाही तर घाबरू नका. त्या सगळ्या बदललेलं रूप करा. त्यानंतर रेस्क्यू: यूटीआर नसलेलं झेब१ पेशीत घाला, म्हणजे मिर-२००सी त्याला हात लावू शकणार नाही, आणि हालचाल परत येते का पाहा. परत आली नाही तर तुमचा परिणाम झेब१मधून जात नाही. हा निकालही लिहिण्यासारखाच आहे.

पुढे जाण्याआधी पेशींची ओळख. एजीएस ठीक आहे, पण तुमच्या संदर्भयादीत एसजीसी-७९०१, बीजीसी-८२३, एमजीसी-८०३ ही नावं नक्की असतील. या लाइन हेला पेशींनी दूषित झाल्याचं एसटीआर प्रोफाइलिंगमधून (पेशींच्या डीएनएच्या ठशांवरून) दिसलेलं आहे, म्हणजे त्या गर्भाशयमुखाच्या पेशी. ‘सामान्य’ जठरपेशी म्हणून वापरली जाणारी जीईएस-१ सुद्धा त्याच यादीत. एमकेएन२८ म्हणून जे विकलं आणि वाटलं गेलं ते एमकेएन७४ निघालं. जठराच्या कर्करोगातल्या मायक्रोआरएनएवरचं साहित्य उलटसुलट वाटण्यामागचं हे एक मोठं कारण आहे, आणि याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. साधी तपासणी म्हणजे हेला पेशींत असणाऱ्या एचपीव्ही-१८ या विषाणूच्या ई६ जनुकाचा पीसीआर. जठराच्या लाइनमध्ये तो पॉझिटिव्ह यायचं काही कारण नाही. एसटीआर तर कराच.

आता दुसरा प्रश्न, गाठीच्या तुकड्याचा. शस्त्रक्रियेतून आलेल्या तुकड्यात कर्करोगपेशी, फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्या, न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज सगळेच असतात. मिर-२०० एपिथेलियल पेशींचा, मिर-१४३ आणि १४५ बहुतांशी स्ट्रोमाचे (आधार देणाऱ्या ऊतीचे), मिर-२२३ मायलॉइड (न्यूट्रोफिल, मॅक्रोफेजसारख्या) पेशींचा, तर मिर-२१ कर्करोगपेशींत आणि फायब्रोब्लास्टमध्येही. डिफ्यूज प्रकारात कर्करोगपेशी तंतुमय स्ट्रोमात एकेकट्या विखुरलेल्या असतात. अशा तुकड्यात मिर-२००सी कमी दिसला तर तो पेशींत कमी झालाय की तुकड्यात एपिथेलियल पेशीच कमी आहेत, हे क्यूपीसीआर सांगू शकत नाही. तसंच, हेलिकोबॅक्टरच्या संसर्गाने सुजलेल्या श्लेष्मल आवरणात मिर-२२३ वाढला म्हणजे कर्करोगपेशींनी तो बनवला असं होत नाही.

त्यामुळे तुकड्यांवर काम करायचं असेल तर पॅथॉलॉजिस्टकडून शेजारच्या स्लाइडवर कर्करोगपेशींचं प्रमाण लिहून घ्या, लॉरेनच्या वर्गीकरणातला प्रकार लिहून घ्या, आणि आतड्यासारखा प्रकार व डिफ्यूज प्रकार वेगळे मोजा. मायक्रोआरएनए साधारण २२ अक्षरांचाच असल्याने फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या पॅराफिन ब्लॉकमधूनही तो बऱ्यापैकी मिळतो, ही सोय आहे. शक्य असेल तर इन सिटू हायब्रिडायझेशन करा (तुकड्यात आरएनए नेमका कुठे आहे ते रंगाने दाखवणारी पद्धत). आक्रमण करणाऱ्या कडेवर मिर-२००सी फिका आणि गाठीच्या मध्यभागी गडद, असं एक चित्र पन्नास तुकड्यांच्या क्यूपीसीआरपेक्षा जास्त सांगून जातं.

‘पसरणं’ हा शब्दही सैल आहे. जठराचा कर्करोग लसिकाग्रंथींत जातो, रक्तातून यकृतात जातो, आणि सेरोसा (जठराचं बाहेरचं आवरण) भेदून पोटाच्या पोकळीत सांडून पेरिटोनियमवर (त्या पोकळीच्या अस्तरावर) रुजतो. डिफ्यूज प्रकाराचा ओढा पेरिटोनियमकडे, आतड्यासारख्याचा यकृताकडे जास्त. या वाटांवरच्या अडचणी वेगळ्या आहेत. पोकळीत सांडलेली पेशी आधी आधार सुटल्यावर जगली पाहिजे, मग मेसोथेलियमला (अस्तराच्या पेशींच्या थराला) चिकटली पाहिजे. तिथे मिर-२१चं काम वेगळ्याच वाटेने दिसतं: कर्करोगपेशींनी सोडलेल्या एक्सोसोममधला (सूक्ष्म पिशव्यांतला) मिर-२१ मेसोथेलियल पेशींत जाऊन टीजीएफ-बीटाच्या संदेशाला अडवणारं एसमॅड७ दाबतो, टीजीएफ-बीटाचा मार्ग मोकळा होतो, आणि त्या पेशी एकमेकींपासून सुटून जमीन तयार करून देतात. म्हणजे परिणाम यजमान पेशींत. मिर-२१ कर्करोगपेशीच्या आतही पीटेन, पीडीसीडी४, रेक या गाठ रोखणाऱ्या प्रथिनांना दाबतो, ते वेगळं.

मिर-२१८ स्लिट२ आणि स्लिट३ या जनुकांच्या इंट्रॉनमध्ये बसतो आणि त्या स्लिट प्रथिनांच्याच रोबो१ या ग्राहकाला दाबतो. तो हरवला की रोबो१ वाढतं आणि पेशी सैल होतात. लेट-७ या मायक्रोआरएनएची गंमत अशी की जास्त पसरणाऱ्या एझेड-पी७ए या लाइनमध्ये पेशी तो एक्सोसोममधून बाहेर टाकून देतात असं दिसलं. पसरणं रोखणारा रेणू बाहेर भरपूर आणि आत कमी, हे लक्षात ठेवा, खाली कामाला येईल.

यकृतासारख्या दूरच्या अवयवात रुजताना तर पेशीला पुन्हा एपिथेलियल व्हावं लागतं. तेव्हा मिर-२०० परत वाढणं पेशीच्या फायद्याचं ठरतं. स्तनाच्या कर्करोगाच्या उंदीर-मॉडेलमध्ये मिर-२००ने दूरच्या ठिकाणी वसाहत करायला मदत केल्याचं दाखवलं गेलं आहे. जठराबाबत हे किती लागू पडतं ते लाइन आणि अवयवावर अवलंबून राहील, पण ‘मिर-२०० म्हणजे चांगला’ असा सरधोपट शिक्का मारू नये एवढं त्यातून नक्की कळतं. म्हणून उंदीर वापरणार असाल तर शेपटीच्या शिरेतलं इंजेक्शन निवडू नका. त्यात पेशी पहिल्यांदा फुप्फुसातल्या केशिकांत अडकतात, आणि ती या कर्करोगाची मुख्य वाट नव्हे. पेरिटोनियमसाठी पोटाच्या पोकळीत, यकृतासाठी प्लीहेत, आणि पूर्ण प्रवास बघायचा असेल तर जठराच्या भिंतीत. मिमिक काही दिवसांत विरळ होतं, म्हणून उंदरासाठी लेंटिव्हायरसने मिर-२००सी कायमचा बसवलेली लाइन हवी.

राहिला रक्ताचा प्रश्न. रक्तपेशींत मिर-२००सी अगदी कमी असतो, तो एपिथेलियल पेशींचा. तो रक्तात वाढला तर कुठेतरी बऱ्याच एपिथेलियल पेशी मरत आहेत किंवा सामान बाहेर टाकत आहेत, असा साधा अर्थ निघतो. रोग जेवढा जास्त पसरलेला, तेवढा ओघ जास्त. म्हणजे रक्तातला मिर-२००सी रोगाचा भार सांगत असेल, आणि त्याच वेळी आक्रमण करणाऱ्या पेशीत तो कमीच असेल. दोन्ही एकाच रुग्णात खरं असू शकतं.

रक्त मोजायला जाल तर सगळ्यात मोठा शत्रू फुटलेल्या लाल पेशी. ईडीटीए नळी घ्या. हेपॅरिन नको, ते पीसीआर अडवतं. दोन तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करा, आणि प्लेटलेट काढायला दुसऱ्यांदा जास्त वेगाने फिरवा. ४१४ नॅनोमीटरला शोषण ०.२च्या वर गेलं की नमुना संशयास्पद. क्यूपीसीआरवर मिर-२३एच्या सीक्यूमधून (सिग्नल दिसायला लागणाऱ्या चक्रांच्या संख्येतून) लाल पेशींतल्या मिर-४५१एचा सीक्यू वजा करा. फरक ५च्या खाली ठीक, ७च्या वर गेला तर नमुना टाकून द्या. रक्तात यू६ स्थिर नसतं, तिथे बाहेरून घातलेला कृमीचा मिर-३९ वापरतात, आणि तो लायसिसचं द्रावण घातल्यानंतरच घालायचा. आधी घातला तर प्लाझ्मातली आरएनएजं त्याला खाऊन टाकतात. सिंगापूरमध्ये मंजूर झालेली १२ मायक्रोआरएनएंची रक्तचाचणी जठराचा कर्करोग आहे का हे शोधायला आहे, पसरला का हे ठरवायला नाही. उपचार निवडताना आजही गाठीतल्या हर२, एमएसआय, पीडी-एल१, क्लॉडिन १८.२ या खुणाच पाहिल्या जातात. औषध म्हणून पुढे आलेलं मिर-३४एचं मिमिक एमआरएक्स३४ हे २०१६ साली गंभीर प्रतिकारसंबंधित दुष्परिणामांमुळे थांबवावं लागलं, तेव्हा चर्चेच्या प्रकरणात ‘उपचाराची नवी दिशा’ हे वाक्य जपून लिहा.

हातातल्या निकालावर आज लिहायचं तर एवढंच लिहिता येतं: ‘ई-कॅडहेरिन नसलेल्या एजीएस पेशींमध्ये मिर-२००सी वाढवल्यावर ट्रान्सवेलमधून जाणाऱ्या पेशी कमी झाल्या.’ वाढीचा समांतर प्रयोग आणि झेब१चा ब्लॉट झाला की त्यापुढे ‘वाढीवर अवलंबून नसलेली’ आणि ‘झेब१ उतरल्यासोबत’ हे शब्द जोडा. रेस्क्यू जमला तर ‘झेब१मार्फत’. ‘मेटास्टॅसिस’ हा शब्द उंदीर झाल्याशिवाय शीर्षकात घालू नका. ट्रान्सवेलने तेवढं सिद्ध होत नाही.